सुटे पैसे

९ एप्रिल, मंगळवार

सीमा ओलांडली एकदाची. गाडी जावयांची, हट्ट यांचा! लेकीकडे येऊन महिना झाला, घरात बसून कंटाळा आला, तर म्हणे शेजारचा देश रस्त्याने बघून येऊ. लेक म्हणाली, "आई, तू तरी समजाव बाबांना." मी आजवर कोणाला समजावलंय!

निघताना जावयांनी बजावलं होतं — नाक्यावरच डॉलर देऊन तिथले पैसे घ्या, पुढे खेड्यापाड्यांत कार्ड चालत नाही. नाक्यावर खिडकी होती, आत माणूस होता, रांगसुद्धा नव्हती. हे भावाचा फळा वाचून मागे फिरले. "दिवसाढवळ्या लूट आहे ही! जन्म गेला माझा बँकेच्या कॅश काउंटरवर. आणि जावई मला शिकवणार? गावात बँकेत बदलू."

दोन्ही बाजूंना उघडा माळ. रस्ता गुळगुळीत. हे शीळ घालतायत.

१० एप्रिल

बँका बंद. संप! दाराला साखळी, पायरीवर कुत्रं झोपलेलं. एटीएमच्या काचेवर कागद चिकटवलाय — अक्षर ओळखीचं नाही, पण अर्थ कळतो.

लॉजवाल्याने कार्ड उलटंसुलटं करून बघितलं आणि परत केलं. डॉलर पुढे केले तर मानेनेच नाही म्हणाला. शेवटी यांचं घड्याळ ठेवून घेतलं — पैसे आणा, घड्याळ न्या. मनगट रिकामं झाल्यापासून हे सारखे तिथेच बघतायत.

जेवण — गाडीतली बिस्किटं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि भांडायला पोटात काही नव्हतं.

११ एप्रिल

आजही बँक बंद. पेट्रोलचा काटा तळाला टेकलाय. परत सीमेपर्यंतसुद्धा जाता येणार नाही.

सकाळी हे एकटेच बाहेर पडले. तासाभराने आले ते खुशीत! पंक्चरच्या दुकानामागे एक माणूस डॉलर घेतो म्हणे. भाव नाक्यावरच्यापेक्षा कितीतरी चांगला. "बघितलंस? थोडा धीर धरावा लागतो." जवळ होते ते जवळपास सगळे डॉलर दिले. खिशातून नोटांचं बंडल काढून माझ्या मांडीवर टाकलं. लग्नानंतर पहिला पगार असाच टाकला होता यांनी.

मग पलंगावर बसून मोजायला लागले. मी खिडकीत साडीला फॉल लावत होते. चार सुया तुटल्या तरी वर न बघणारी बाई मी, पण मोजण्याचा आवाज थांबला तसं बघितलं. हे एकच नोट अंगठा आणि बोटात धरून बसले होते. नुसती चोळत होते. नंतर दुसरी. मग खिडकीशी येऊन एकेक उजेडात धरली.

"काय झालं?"

"काही नाही. ओल्या आहेत जरा."

शर्ट चढवून धावत गेले. परत आले तेव्हा पाठ घामाने भिजलेली. दुकानाला कुलूप आहे, एवढंच म्हणाले; पण चेहऱ्यावरून काहीतरी बिनसलंय एवढं कळलं.

१२ एप्रिल

लॉज सोडलं. लॉजवाला फार चिकित्सक, नोट उजेडात धरून मगच गल्ल्यात टाकतो. यांनी त्याला बंडलातल्या वरच्या नोटा दिल्या. घड्याळ मिळालं.

गावातच मोठा पेट्रोलपंप आहे, ऑफिसवाला, कॅमेरे लावलेला. तो सोडून पुढे गेलो. "इथे गर्दी आहे," म्हणाले. गर्दी कुठली? एक ट्रक उभा होता.

गाव संपल्यावर एक लहानसा पंप लागला. एकच मशीन, पत्र्याची खोली, आणि एक बाई. चाळिशीची असेल. अंगात पुरुषी जॅकेट, बाह्या दुमडून वर शिवलेल्या, चेन गेलेली म्हणून सेफ्टी पिना. शिवण बरी होती — घरीच केलेली, पण हात वळलेला. टाकी भरली. कोणी न सांगता समोरची काच पुसली. माझा थर्मास रिकामा बघून आत जाऊन गरम पाणी भरून आणलं. मी नाणं पुढे केलं तर तिने माझी मूठच मिटवली. हसली. पुढचा दात तुटलेला.

यांनी घडी घातलेल्या नोटा दिल्या. तिने घडी न उलगडता चिमटीने मोजल्या, खिशात घातल्या आणि उरलेले सुटे परत दिले. हे तिच्याशी इतकं गोड बोलत होते की मला नवल वाटलं. एरवी पंपावरच्या माणसाकडे बघतसुद्धा नाहीत.

दिवसभर काय चाललं होतं मला कळेना. एका दुकानात काडेपेटी. पुढच्या दुकानात साबणाची वडी. दर वेळी मोठी नोट, दर वेळी सुटे परत. दुकानं निवडून निवडून — म्हातारी बसली असेल, नाहीतर आत अंधार असेल. गाडीत सहा साबण झाले!

"अहो, एवढे साबण कशाला?"

गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. समोर बघत म्हणाले, "खोट्या आहेत. वरच्या चार-पाच सोडून सगळ्या."

"केव्हा कळलं?"

"हात लावला तेव्हाच."

मला पहिल्यांदा पंपावरची बाईच आठवली. म्हटलं, मागे फिरू, तिचे तरी देऊन टाकू.

"कशातून देऊ? आणि माझे कोण देणार? नोकरीत एकदा अशी नोट माझ्या हातून घेतली गेली, तर पगारातून कापली. कोणी विचारलं का, बाबा रे तुला कोणी फसवलं? नोट फिरत असते. आपल्याकडे आली, आता पुढे जाईल. आणि एक सांगून ठेवतो — जावयांच्या कानावर हे जाता कामा नये. माझं नाक कापलं जाईल."

बत्तीस वर्षं संसार केला. कोपिष्ट आहेत, चिकट आहेत, हे माहीत होतं. आज पहिल्यांदा यांच्या शेजारी बसायची भीती वाटली.

तरी बसले. दुसरं काय करणार होते? गाडी मला येत नाही.

१३ एप्रिल

काय लिहू!

परतीच्या वाटेवर होतो. लांबूनच पुलावर पोलीस दिसले, गाड्या थांबवून बघत होते. यांनी वळणावर गाडी उभी केली. "लघवीला जाऊन येतो." झुडपांकडे गेले नाहीत — रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्याशी गेले. शर्टाच्या आतून बंडल काढलं आणि खाली पाण्यात सोडलं. मी काचेतून बघत होते. पाण्याला ओढ होती, नोटा पसरत पसरत गेल्या. परत येऊन बसले, रुमालाला हात पुसले.

पुलावर आमच्या गाडीचा नंबर बघून पोलिसाने शिट्टीच मारली! बाहेर या. डिकी उघडा. साबण, काडेपेट्या. खिशात खरे सुटे. बाकी काही नाही. तरीही गाडीत घालून ठाण्यात घेऊन आले.

अधिकारी इंग्रजी बोलतो. मला येस, नो, थँक्यू — संपलं. हे मधून मधून मला सांगत होते. झालं असं — पंपाच्या मालकाने पैसे भरायला नेले तिथे नोटा पकडल्या गेल्या. त्याने थेट त्या बाईला पोलिसांत दिलं. तिने आमची गाडी सांगितली, परदेशी नंबर, म्हातारा-म्हातारी.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, आम्ही खऱ्याच दिल्या. तिने बदलल्या असतील."

हे म्हणताना यांनी माझ्याकडे बघितलं नाही. रुमालाची घडी घालत होते. चौकोनी, कडेला कड जुळवून.

१४ एप्रिल

मला पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत झोपायला दिलं. वाईट वागवत नाहीत. चहा देतात.

सकाळी ती दिसली. दोन पोलीस तिला व्हरांड्यातून नेत होते. जॅकेट काढून घेतलंय — पिना होत्या म्हणून असेल. नुसत्या पातळ झग्यात. मला बघितलं आणि थांबली. मला वाटलं, थुंकेल. तर चेहरा उजळला तिचा! पोलिसाला ओढून माझ्याकडे बोट दाखवून भराभरा बोलायला लागली. काय बोलत होती ते भाषा न येताही कळत होतं — ही बघा, ही होती गाडीत, हिला विचारा, ही सांगेल.

मी मान खाली घातली.

अधिकाऱ्याने यांना सांगितलं — दोघं दोन गोष्टी सांगताय, तिसरं माणूस एकच, तुमची बायको. तुमच्या मुलीला फोन केलाय, ती येतेय ना? आली की जबाब घेऊ.

तिला किती वर्षं होतील, मी यांना विचारलं. जाळीच्या अलीकडून.

"मला काय माहीत त्यांचा कायदा?" मग हळूच, "पाचेक."

"आणि तुम्हाला?"

म्हणाले, "रक्तदाबाची गोळी संपलीय माझी. चिमीला आणायला सांग." चिमी म्हणजे आमची लेक.

गोळ्या माझ्याच पर्समध्ये होत्या. दिल्या. पाण्याचा पेलाही दिला. हात सवयीने पुढे होतो.

१५ एप्रिल

लेक आली. एकटीच, रात्रभर बस बदलत. जावयांना काही सांगितलं नाही अजून. गळ्यात पडून रडली. मग मी तिला सगळं सांगितलं — पलंगावरचं, साबणांचं, मोरीचं. ती ऐकत गेली तशी तिची बोटं माझ्या हातातून सुटत गेली.

मग म्हणाली, "आई, बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत."

"ती चाळीसची आहे."

"तिला ओळखतेस तू? नाव तरी माहीत आहे तिचं?"

"नाही."

"मग?"

"माझा थर्मास भरून दिला तिने."

लेकीने असं बघितलं की जणू मला भ्रम झालाय. "थर्मासपायी तू बाबांना तुरुंगात घालणार? इथल्या? माझ्या नोकरीचं काय होईल, व्हिसाचं काय होईल, विचार केलास? फक्त 'मला माहीत नाही' म्हण. खोटंसुद्धा नाही बोलायचं. तू नोटा हातात घेतल्या होत्यास का? नाही ना? मग!"

"मांडीवर टाकल्या होत्या."

"आई!"

हातगाडीवाल्याकडून पाव आणला तिने. खाल्ला दोघींनी. ती दुसरीत असताना वर्गातल्या मुलीची पेन्सिल घेऊन आली होती, तेव्हा मी तिला भर उन्हात त्या मुलीच्या घरी चालवत नेलं होतं. आज ते बोलून दाखवावंसं वाटलं. नाही बोलले. तिचे डोळे सुजले होते, आणि पाव चावताना ती अगदी यांच्यासारखी दिसत होती.

उद्या दहाला जबाब. दुभाष्या मिळत नाही म्हणून अधिकारी म्हणाला, मुलगीच सांगेल इंग्रजीत.

मी ठरवलंय. तिला सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि कूस बदलली.

१६ एप्रिल

गाडीत लिहितेय, मागच्या सीटवर. लेक चालवतेय.

सगळं सांगितलं मी. मराठीत, सावकाश, काही न गाळता. हात लावताच कळलं होतं यांना, इथपासून मोरीच्या पाण्यापर्यंत. मध्ये दोनदा पाणी प्यायले. लेक खाली बघून ऐकत होती. मग तिने अधिकाऱ्याला इंग्रजीत सांगितलं. एवढं लांबलचक बोलले होते मी — तिचं एका वाक्यात आटोपलं.

मी "नो! नो!" म्हणाले. तिने माझा खांदा घट्ट धरला आणि त्याला आणखी काहीतरी सांगितलं. त्यातलं 'टायर्ड' तेवढं मला कळलं. अधिकारी उठला, माझा हात दोन्ही हातांत घेतला. डोळ्यांत दया होती त्याच्या.

हे पुढे बसलेत. आत्ताच म्हणाले, नाक्यावर भाव काय चाललाय बघू.