कोठाराच्या छपरावरचं ऊन

लिहून ठेवते ती मी, झेरुया टॉलमन, नेथन टॉलमन यांची विधवा, धंदा सुइणीचा, वय वर्षे एकाहत्तर, राहणार हेझलब्रूक, मॅसॅच्युसेट्स वसाहत. पाय सुजले आहेत, दम पुरत नाही, पण डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, माझ्या राजीखुशीने हे मृत्युपत्र करत आहे. मी सांगते आणि गावचे दस्तऐवज लिहिणारे जोनास पर्ली लिहून घेतात. माझी वाक्यं सोज्वळ करायची नाहीत, अशी ताकीद त्यांना दिली आहे.

१. आत्मा ज्याने दिला त्याच्या हवाली. त्याने तो पदरात घ्यावा असं म्हणायला मला तोंड नाही. का, ते कलम पाचमध्ये येईल. देह साध्या पेटीत पुरावा. डोक्याशी दगड लावू नये. नेथनने माझ्यासाठी आणलेला दगड गोठ्यामागे पडून आहे, त्याचं पुढे लिहिलं आहे.

२. बाळंतखुर्ची, कात्री आणि तांब्याची मोठी किटली माझ्यामागे जी बाई या गावाची सुईण होईल तिला. खुर्चीचा मागचा पाय डुगडुगतो. तो नेथनच्या हातचा म्हणून मी कोणाला दुरुस्त करू दिला नाही. आता खुशाल करावा.

३. माझा कोंबडा प्रार्थनामंदिराच्या मंडळीचे कारभारी, डीकन एमस व्हिटलॉक यांना. तो शब्बाथच्या, देवाच्या विसाव्याच्या, दिवशी आरवतो म्हणून त्यांनी दोनदा मंडळीपुढे तक्रार केली आहे. आता त्यांनीच त्याला धर्म शिकवावा.

४. राहतं घर, दोन खोल्या, बाग आणि विहिरीसकट, एनॉस क्रॉफ्ट पिंपवाल्याची विधवा बेथाया क्रॉफ्ट हिला. (हे कलम रद्द. कलम आठ पाहावे.)

५. आता कारण. बावीस वर्षांपूर्वी प्रार्थनामंदिरात बसायच्या जागा नव्याने ठरल्या. नेथनला जाऊन तीनच महिने झाले होते. दुसऱ्या बाकावरची माझी जागा काढून ती बेथायाला दिली, कारण एनॉसचा धंदा तेव्हा जोरात होता. मी गेले पाचव्या बाकावर. विहिरीवर सगळ्या बायकांसमोर बेथाया मला म्हणाली, "झेरुयाबाई, बरंच झालं की! मागे बसलं म्हणजे डुलकी लागली तरी पाळकांना दिसत नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले. मुलगी विशीतली, पोटुशी, जिभेला हाड नाही. मनात तिच्या काही नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते शब्द माझ्या काळजात रुतून बसले.

दोन महिन्यांनी एका शनिवारी तिचे दिवस भरले. थंडीमुळे खिडक्यांना गोधड्या ठोकल्या होत्या, आतल्या बायकांना उजेड-अंधार काही कळत नव्हतं. मी बादली घेऊन अंगणात गेले होते. परत आले, हात पुसले आणि मूल हातात आलं. मुलगी. मनगटावर लाल डाग. आई-बापांनी नाव ठेवलं केझाया.

आमचे तेव्हाचे पाळक ओबादाया स्टर्जिस. ते आता वर आहेत, त्यांचा हिशोब तिकडे होईल. मूल ज्या वारी जन्मतं त्याच वारी गर्भ राहिलेला असतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. शब्बाथला जन्मलेल्या मुलाला ते बाप्तिस्मा देत नसत. आई-बापांना आधी मंडळीपुढे उभं राहून शब्बाथला जवळ आल्याचं पाप कबूल करावं लागे. आणि शब्बाथ रविवारचा, पण आमच्याकडे तो शनिवारी सूर्य बुडाला की लागतो. तेव्हा त्यांनी मला बोलावून विचारलं, "बाई, मूल आलं तेव्हा सूर्य बुडाला होता का?"

मी म्हणाले, "बुडाला होता."

बुडाला नव्हता. मी बादली घेऊन वळले तेव्हा कोठाराच्या छपरावर ऊन होतं, चांगलं दोन हात. माझ्या सावलीवर पाय देतच मी दारात शिरले.

बेथाया दोन आठवडे हटून बसली, की आमच्या हातून असं काही झालंच नाही. एनॉसला मात्र मूल आपलंच का, अशी शंका आली. मुलीला ताप भरला तेव्हा बेथाया पाळकांकडे धावत गेली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाल ते कबूल करते. तेवढा पोरीचा बाप्तिस्मा करा." त्यांनी येत्या रविवारी उभं राहायला सांगितलं. पोर गुरुवारीच गेली. लेकरासाठी ती खोटं बोलायला तयार झाली आणि मला खरं बोलायला तोंड उघडता आलं नाही. तो गुरुवार मी विसरलेले नाही.

त्या रविवारी पाळकांनी व्यासपीठावरून सांगितलं, की मनगटावरचा डाग म्हणजे बुडता सूर्य, देवाने स्वतःच्या हाताने काढलेला. आमच्या गावाला सगळ्यातच खूण दिसते. मी आजवर शेकड्यांनी पोरं न्हाऊ घातली आहेत. असे डाग खूप पोरांना असतात आणि वर्षभरात जातात. केझायाला वर्ष मिळालं नाही.

६. बेथायाला शेवटच्या बाकावर बसवलं, आणि तिची दुसऱ्या बाकावरची जागा परत मला मिळाली. बावीस वर्षं मी तिथे बसले. ती जागा मृत्युपत्राने देता येत नाही हे जोनास यांनी सांगितलं. मला ठाऊक आहे. ती माझी नव्हतीच.

७. गोठ्यामागचा दगड केझायाच्या थडग्यावर लावावा. मंडळीच्या वहीत तिचं नाव लिहावं आणि पुढे "शनिवारी, सूर्य वर असताना जन्मली" असंही लिहावं. कलम पाच माझ्या दफनानंतरच्या रविवारी व्यासपीठावरून वाचावं.

८. इथवर झालं तेव्हा जोनास यांनी साक्षीदार आत घेतले. घरासाठी तीन लागतात. एक ते स्वतः, दुसरे गिरणीवाले एलिशा गूच. तिसरे डीकन एमस. जोनास म्हणाले, "डीकनसाहेब, तुम्हाला यात कोंबडा मिळतोय. ज्याला मिळतं त्याची साक्ष चालत नाही." डीकनसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

बेथायाला मी आधीच निरोप धाडला होता. ती कोपऱ्यात उभी होती. जोनास यांनी सगळं वाचून दाखवलं. मग तिने विचारलं, "ऊन किती हात?"

"दोन."

"एनॉस मरेपर्यंत माझ्या हातचं जेवला, पण माझ्याशी धड बोलला नाही."

मी म्हणाले, "बेथाया, मला क्षमा कर." तिने उत्तर दिलं नाही. दिलं नाही असंच मी लिहायला लावलं आहे. ती जोनासकडे वळली. "मी साक्षीदार झाले तर हे घर मला मिळत नाही ना?"

"नाही बाई."

"मग आणा ती लेखणी." आणि मला म्हणाली, "तू मेल्यावर वाचणार होय? मेल्यावर कोणीही खरं बोलेल. उद्या रविवार आहे. उद्या वाचायचं, तू समोर असताना. मी माझ्या शेवटच्याच बाकावर बसेन. सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडे बघायचं, आणि मग तुझ्याकडे."

बावीस वर्षांत ती पहिल्यांदा माझ्याशी एकेरीत बोलली. मला बरं वाटलं.

म्हणून कलम चार रद्द. घर मंडळीकडे जावं, जिला बाळंतपणाला दुसरं छप्पर नाही अशा बाईसाठी. तिला कोणी वार विचारू नये. कलम सातमधलं वाचन उद्याच व्हावं. मी उभी राहीन. पायांनी साथ दिली नाही तर बाळंतखुर्चीत बसवून न्यावं. मला फार भीती वाटते आहे, तरी न्यावं.

झेरुया टॉलमन (सही)

साक्षीदार :
जोनास पर्ली (सही)
एलिशा गूच (सही)
बेथाया क्रॉफ्ट, लिहिता येत नाही, तिची निशाणी : एक लहान गोल. त्यात कोणी अर्थ शोधू नये.

हेझलब्रूक, शनिवार, १४ ऑक्टोबर १६९३. सूर्य अजून वर आहे. बेथाया क्रॉफ्ट हिने दारात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.