चहा निजवताना

मंगळवार, संध्याकाळ

प्रिय छोटीस,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. इकडे थंडी वाढली आहे. तुझा गुडघा कसा आहे? जिन्याची चढउतार फार करू नकोस.

परवा फोनवर तू "भाऊजी, दुकानाचं काय ठरवलंत?" असं विचारलंस आणि मी "बघू" म्हणून फोन ठेवला. राग मानू नकोस. शेजारच्या चष्मेवाल्याला तुझ्या ताईचं चहाचं दुकान हवं आहे. माणूस सज्जन आहे. त्याला शनिवारी उत्तर द्यायचं आहे.

काल दुकान उघडलं ते फक्त आवरायला. तेवढ्यात समोरची शिंपीण आली. तिला आईसाठी तो फळांचा हिरवा चहा हवा होता. जपानी पद्धतीची वाफवलेली पानं, त्यात वाळलेलं सफरचंद, संत्र्याची साल, दालचिनी, लवंग. सगळं डब्यांत होतंच. अंदाजाने मिसळलं आणि चव बघू म्हणून आपल्या नेहमीच्या चहासारखं खळखळून उकळलं.

शिंपिणीने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मास्तर, चहा मागितला होता, काढा नाही! आईला सर्दी नाही झालेली. वहिनी हा कधी उकळायच्या नाहीत, निजवायच्या."

हा शब्द तुमच्या घरातलाच ना? उकळलेलं पाणी जरा निवू द्यायचं, पानांवर ओतायचं, झाकण ठेवायचं आणि हात लावायचा नाही. "चहा निजलाय, गडबड करू नका," असं म्हणून ताई मला गप्प बसवायची. जणू मी फार बोलतो!

शिंपीण गेल्यावर तसा करून पाहिला. झाकण ठेवलं आणि मला बसवेना. दाराची कडी पाहून आलो, तराजू पुसला, पुन्हा कडी पाहिली. तोवर चहा कडू. पुन्हा केला, पुन्हा तेच.

छोटे, त्या दिवशी इस्पितळात जो तो मला सांगत होता, "बघा, कशी शांत निजली आहे." तूही म्हणालीस. तुझं काही चुकलं नाही, अशा वेळी माणसं असंच बोलतात. पण तेव्हापासून मी घरच्या पलंगाला पाठ टेकलेली नाही. झोप लागते म्हणून तुला सांगितलं ते खोटं. दुकानातल्या खुर्चीत डोळे मिटून बसतो, कुठे खुट्ट झालं की उठतो. ती निजलेली नाही. ती गेली. हे मी आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

चष्मेवाल्याला मनातून हो म्हणून टाकलं होतं. कालपासून म्हणवत नाही. पण एकट्याने मला जमायचं नाही. वजनमाप, झाडलोट, गिऱ्हाइकं मी बघेन. चहा तू कर. तुझा हात ताईसारखाच आहे. अधूनमधून आलीस तरी चालेल. मात्र माझी कीव येऊन येऊ नकोस. जमणार नसेल तर सरळ नाही म्हण. मी शनिवारी किल्ली देऊन टाकेन, मनात काही ठेवणार नाही.

आणखी एक. बायको गेल्यावर तिच्या माहेरचं नातं आपल्याकडे उरतं का, मला ठाऊक नाही. कुणाला विचारावं तेही कळेना. म्हणून खाली सवयीने 'तुझा भाऊजी' असंच लिहिलं आहे. चुकलं असेल तर खोडून टाक.

तुझा
भाऊजी