‘अगं’ आणि ‘तुम्ही’

११ जून, सोमवार

पेपरात पुन्हा कौतुक! ‘साहेब वयानं मऊ झाले.’ म्हणे शिपायालाही ‘तुम्ही बसा’ म्हणतात. हे! ज्यांनी अख्ख्या मंत्रिमंडळाला ‘अरे गाढवा’ करत वीस वर्षं देश हाकला! थोरला जाम खूश. “आई, बाबांनी वयाचा मुद्दा एका शब्दात निकालात काढला.”

वयाचा मुद्दा म्हणजे ते विधेयक. पंच्याहत्तरीनंतर देशाचं सर्वोच्च पद कुणाला नको. हे ऐंशीचे. शुक्रवारी मतदान, त्याआधी ह्यांचं विरोधातलं भाषण. मला कोण विचारतंय, पण अशी सरसकट रेघ ओढणं मला मूर्खपणाचंच वाटतं. मी शहात्तरची. अजून सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते.

मला मात्र अजून ‘अगं’च हं. माझ्या वाट्याला नम्रता नाही!

१२ जून

ड्रायव्हर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा. तोंड उतरलेलं. “वहिनी, साहेब माझ्यावर रागावलेत का?”

का रे बाबा?

“इतकी वर्षं गाढव म्हणाले. आता ‘तुम्ही जरा सावकाश घ्या’ म्हणतात. माझं काही चुकलं का?”

मी हसले. “अरे, मान मिळतोय तर घे की!” तो गेला. मग मात्र मला हसू येईना. आपल्याहून लहान माणसाला आपण ‘तुम्ही’ कधी म्हणतो? ओळख नसते तेव्हा.

१३ जून

दिवसभर कान टवकारून बसले. चिटणीस – तुम्ही. डॉक्टर – तुम्ही. नात आत डोकावली, तर “या, या. कुणाकडे आलात?” ती खिदळली, आजोबांचा खेळ वाटला तिला.

थोरल्याला बाजूला घेतलं. आधी त्यानं उडवूनच लावलं. “तुझं आपलं काहीतरीच!” मग आवाज खाली आला. म्हणजे ह्यालाही माहीत आहे! “आई, शुक्रवार होऊ दे. बाबांचं पद गेलं की आपल्याला कोण विचारतंय?” वर मलाच – “तुला ‘अगं’ म्हणतात ना? मग झालं तर!”

मेल्या, बापाचं काय होतंय ते बघ ना जरा! असा संताप आला.

१४ जून

हे येरझाऱ्या घालत भाषण घोकत होते. मी मागून म्हटलं, “अहो, नका ना बोलू उद्या. तब्येतीचं कारण सांगू.”

“अगं, तू गप्प बस! तुला काय कळतं त्यातलं!”

ह्या वाक्यावरून जन्मभर भांडले. आज ऐकून जीव भांड्यात पडला. ओळखतात मला! तोवर ठीक आहे. गप्प बसले.

१५ जून, शुक्रवार

टीव्हीपुढून हलले नाही. काय बोलले! आवाज खणखणीत. “वय काय मोजता, अक्कल मोजा!” बाकं वाजली. वाटलं, उगाच घाबरले मी.

मग विरोधी पक्षातल्या एक बाई उठल्या. “अहो, पण ती मोजायची कुणी?”

हे गर्रकन वळले. “अगं, तू गप्प बस! तुला काय कळतं त्यातलं!”

तोच सूर. तसंच बोट उगारलेलं.

सभागृहात गदारोळ. बाईंचा अपमान! माफी मागा! मतदान सोमवारवर ढकललं. थोरल्याचा फोन – “बाबांचा तोल गेला. माफीचं मी बघतो.”

तोल नाही रे गेला, राजा. ‘अहो’ कानावर आलं की तोंडून ‘अगं’ निघतं, एवढंच उरलंय. मग ‘अहो’ म्हणणारी कुणीही असो.

१६ जून

‘अहो’ न म्हणता समोर जाऊन उभं राहायचं. बस, एवढंच. कितीदा दारापर्यंत गेले. धीर झाला नाही.

१७ जून, रविवार

गेले. तोंड मिटून उभी राहिले.

हे खुर्चीतून उठले. मला बघून उठले! “या, बसा. बरं झालं, बाहेरचं कुणीतरी आलं.” दार लोटायला सांगितलं. मग हळूच – “मला पद सोडायचंय. डोक्यात काही टिकत नाही हो. मुलगा ऐकायचा नाही. तुम्ही लिहून द्याल? मी सही करतो. फक्त आमच्या हिला कळू देऊ नका. चेहरा ओळखू येत नाही मला तिचा. ‘अहो’ ऐकू आलं की ‘अगं’ म्हणून टाकतो. तिला तेवढाच आधार आहे.”

आवाजावरून ओळखतील म्हणून नुसती मान हलवली. कागद पुढे ओढला.