संगीताच्या इतिहासातील ४ नोव्हेंबर

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळी.
आजपासून राग बंद. पवनीच्या डॉक्टरांनी बीपी पाहून सांगितले, काकाजी, एक तर राग ठेवा नाही तर जीव ठेवा. मी म्हटले, मला राग येतच नाही, लोक आणतात.

मनिषच्या मोबाईलवर रोज एक मेसेज येतो, 'आजच्या दिवशी संगीतात'. कुठल्या देशात कोणाची पहिली रेकॉर्ड निघाली, कोणता बँड फुटला, कोणत्या गायकाला कोणी गोळी घातली. पोरगा मला वाचून दाखवतो. मी विचारले, आपल्या भागाची एकही तारीख यात का नाही? तर म्हणे, "आपल्याकडं काय झालं बाबा? तुमी न मोतीलाल काकाजी भांडले, तेवढंच."
चप्पल फेकून मारली. लागली नाही. त्यामुळे हा राग धरू नये.

त्याच दिवशी, दुपारी.
संकल्प. गावाच्या संगीताचा इतिहास मीच तयार करणार. शाळा चौथीपर्यंत झाली, पण खडी गंमत या आमच्याकडच्या तमाशात डफ घेऊन पंधरा-वीस वर्षे उभा राहिलो. इतिहास उभा राहूनच कळतो.

मुख्य घटना अर्थातच मोतीलालची आणि माझी दुय्यम, म्हणजे गाण्यातली झुंज. एका स्टेजवर दोन शाहीर. एकाने गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातच उत्तर द्यायचे. अडकला त्याने आपला डफ समोरच्याच्या पायाशी ठेवायचा. माझ्या लग्नानंतरच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, मी असा सवाल टाकला की मोतीलाल अडकला. डफ ठेवायचे सोडून त्याने माझ्यावर हात टाकला. त्याचे दोन दात गेले, माझा खांदा गेला. पेट्रोमॅक्स फुटला, तंबूला आग लागली. निकाल राहिला. त्याचा डफ अजून त्याच्या भिंतीवर आहे. तो माझ्या पायाशी यायला हवा. मरण्याआधी एवढेच काम बाकी आहे.

सवाल इथे लिहीत नाही. चोरी होईल.

५ ऑक्टोबर, रविवार.
म्हाताऱ्या माणसांना भेटून माहिती गोळा केली. अद्भुत प्रकार!
गावात पहिला फोनो आला तेव्हा लोकांना वाटले पेटीत भूत आहे. पेटीला दगड मारले. वाजवणाऱ्याचे डोके फुटले, तबकडी मात्र वाजतच राहिली.
पहिला लाऊडस्पीकर बोलला तेव्हा बैल बिथरले आणि बासरीवाल्याला तुडवून आसगावच्या रस्त्याला लागले.
पहिली कॅसेट आली तेव्हा दोघा भावांची मारामारी झाली. थोरल्याने धाकट्याला फीत खाऊ घातली.
मनिषचा डीजे पहिल्यांदा वाजला तेव्हा समाजमंदिराची कौले खाली आली. एक जावई जखमी.
प्रत्येकाला विचारले, हे कोणत्या दिवशी झाले? प्रत्येकाने एकच उत्तर दिले. मंडईच्या दिवशी! म्हणजे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी.
एवढ्या मोठ्या घटना आणि सगळ्या एकाच दिवशी! जगात असा दुसरा दिवस नसेल. अंगावर काटा आला. बीपीसुद्धा असेल.

६ ऑक्टोबर.
दारामागच्या कॅलेंडरवर तारीख पाहिली. ४ नोव्हेंबर. फायनल.
सुलोचना म्हणाली, "ते मागल्या सालचं हाय जी. लक्ष्मीचा फोटो चांगला हाय म्हणून ठेवलं."
मी म्हटले, कॅलेंडर बदलते, भाऊबीज बदलत नाही. बायकोला हिस्ट्री समजावणे अवघड.

९ ऑक्टोबर.
पवनीहून बॅनर छापून आणला. 'संगीताच्या इतिहासातील ४ नोव्हेंबर'. खाली माझा फोटो, हातात डफ. त्याच्याखाली बारीक अक्षरात मोतीलालचे नाव. फोटो नाही.
मनिषकडे स्पीकरचा एक बॉक्स आणि माइक मागितला. म्हणाला, "देतो, पण तुमी बॉक्सवर काठी मारू नका." जुनी गोष्ट उकरून काढतो. तेव्हा मी बॉक्सवर नाही, आवाजावर मारली होती.

१३ ऑक्टोबर.
मोतीलालला निरोप द्यायला स्वतः गेलो. शांतपणे बोलायचे ठरवले होते. तो अंगणात विळ्याला धार लावत बसला होता. म्हणाला, "काहून आला बे इश्वऱ्या?" मी म्हटले, चार नोव्हेंबरला स्टेजवर ये आणि डफ ठेव. तो म्हणाला, "कोन ठेवन? अडकला तू. डोस्क्यावर पडला का? सवाल तं मी टाकला होता."
एवढे धडधडीत खोटे मी या वयात ऐकले नव्हते. त्याची बायको आनंदाबाई चहा घेऊन आली होती. चहा माझ्या हातून मोतीलालच्या अंगावर गेला. त्याने बसायचा पाट फेकला. मी घागर ढकलली. त्याने माझा शर्ट धरला, मी त्याचा कान धरला. आनंदाबाई म्हणाली, "भाऊजी, चहा दुसरा ठेवू का?"
ठेवला. दोघांनी पिला. 
राग आला नाही. फक्त हात गेला.

१७ ऑक्टोबर.
मोतीलालच्या खोटेपणावर विचार केला. कोणत्याही सवालाच्या शेवटच्या ओळीत तो टाकणाऱ्या शाहिराचे नाव गुंफलेले असते. त्याला म्हणावे, दाखव नाव! सवाल मला तोंडपाठ आहे. इथे लिहीत नाहीच. वारा लागला तरी चोरी होते.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.
गडबड आहे. आज भाऊबीज कशी? बाहेर उद्याच्या मंडईचा मांडव घालत आहेत.
सुलोचना म्हणाली, "मी काय सांगून राहिली होती?"
विचारांती निर्णय. मंडई यंदा लवकर आली आहे. चूक मंडईची आहे. इतिहास तारखेने चालतो, मांडवाने नाही. बॅनर छापून झाला आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. मंडई.
शिंगाडे, ऊस, पाळणे, पाहुणे, सगळे गाव चौकात. दुपारी सरपंच शोभाताई घरी आल्या. म्हणाल्या, "काकाजी, मोतीलाल काकाजी डफ घेऊन स्टेजवर बसले. लोक वाट पाहून राहिले. चला, एकदाचा निकाल लावा."
मी म्हटले, आज तारीख नाही.
त्या म्हणाल्या, "अहो, मंडई आजच हाय. चार तारखेले कोन येईल?"
मी म्हटले, ज्याला संगीत कळते तो येईल.
बाहेर कोणीतरी ओरडले, "इश्वर शाहीर भ्याले!" काठी घेऊन पळालो. नेमके कोण ते कळले नाही, म्हणून तिघांना मारल्या. त्यात एक शिंगाडेवाला होता, त्याने तराजू मारला. कपाळाला टेंगूळ. ४ नोव्हेंबरपर्यंत उतरेल.
मोतीलाल म्हणे दिवस मावळेपर्यंत स्टेजवर बसून होता. बसू दे. चुकीच्या दिवशी बसला.

२९ ऑक्टोबर.
पुन्हा संकल्प. राग पूर्ण बंद. सकाळी प्राणायाम केला. कोंबडा मध्येच आरवला, त्याला लोटा मारला. कोंबडा वाचला, लोटा चेपला. सुलोचना माझ्याशी बोलत नाही, लोट्याशी बोलते.
धान पिकले आहे. कापणीला सगळे उद्यापासून बांदीत, म्हणजे धानाच्या शेतात, जातील. चार तारखेपर्यंत आटपेल असे वाटते.

३ नोव्हेंबर.
आटपले नाही. काळजी वाटते. मनिषला म्हटले, उद्या बॉक्स लाव. तो म्हणाला, "लावून देतो, पण थांबनार नाही. बांदीत मानसं नाही." शोभाताईंचेही तेच. सरपंच असून विळा घेऊन फिरतात.
हरकत नाही. मोठ्या कार्यक्रमाला लोक उशिराच येतात.

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी दहा.
चौकात बॅनर बांधला. खुर्च्या मांडल्या. टेबलावर हार. माइक टेस्टिंग केले. एक कुत्रा आला.

दुपारी बारा.
तोच कुत्रा.
माइकवरून फोनोची माहिती सांगितली. लाऊडस्पीकर, कॅसेट, डीजे यांचीही. कुत्रा कॅसेटच्या वेळी गेला.

संध्याकाळी, घरी.
जे घडले ते जसेच्या तसे लिहितो. दुपारनंतर मोतीलाल आला. पांढरे धोतर, खांद्यावर डफ. कापणी सोडून आला होता. सगळ्या गावातून तोच. समोरच्या खुर्चीत बसला. म्हणाला, "आलो बाप्पा. मंडईत तुले तारीख नव्हती, आता हाय ना? टाक तुया सवाल."
मी उभा राहिलो. डफावर थाप मारली. तोंड उघडले.
सवाल आला नाही.
पुन्हा थाप मारली. चाल आली, शब्द नाहीत. माइकमधून फक्त माझा दम ऐकू येत होता. बांदीत लोकांनी विळे थांबवून ऐकला असेल.
मोतीलाल हसू लागला. दोन दातांच्या जागेतून हसणे बाहेर येत होते. म्हणाला, "टाकत का नाही बे? तोंडपाठ हाय ना?"
मी त्याला डफाने मारले. त्याने त्याचा डफ माझ्या डोक्यावर घातला. चामडे फाटून डफ माझ्या गळ्यात उतरला. मी खुर्ची फेकली, ती बॅनरला लागली आणि बॅनर आम्हा दोघांवर पडला. आत माझ्याच फोटोखाली आम्ही एकमेकांना गुद्दे मारले. कोणाचा कोणाला लागला ते सांगता येत नाही. माइक चालूच होता.
आवाज ऐकून सुलोचना बांदीतून आली. हातात विळा. बॅनर उभा चिरला आणि दोघांना बाहेर काढले. म्हणाली, "एवढं बळ हाय तं पेंढ्या बांधाले चला."
दिवस मावळेपर्यंत पेंढ्या बांधल्या. मोतीलालनेही. एकमेकांकडे पाठ करून.
निकाल. बरोबरी. दोन्ही डफ फाटले. सवाल आठवला असता तर मीच जिंकलो असतो.

५ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी.
सवाल आठवला! दात घासताना. पहिली ओळ आली, मागोमाग दुसरी, तिसरी. जशीच्या तशी. ब्रश तोंडात ठेवूनच मोतीलालकडे पळत निघालो. डफाचे नुसते कडे हातात. चालेल, नियमात चामड्याचा उल्लेख नाही.

त्याच दिवशी, नंतर.
मोतीलालच्या अंगणात सगळे होते. कापणीला निघण्याआधीचा चहा सुरू होता. शोभाताई, मनिष, आनंदाबाई, अजून बरेच. चार तारखेला हवे होते तेवढे सगळे. मी ब्रश काढला आणि छाती भरून गायलो :

पाण्याविना तळं भरलं, वाऱ्याविना हाललं पान,
जिभेविना जो गातो गाणं, सांग त्याचं ठिकाण,
मोतीलाल पुसे सभेमंदी, सांग, नाही तर झुकव मान.

चाल इतकी चांगली होती की शेवटची ओळ मी दोनदा घेतली.
 आनंदाबाई तेवढी म्हणाली, "भाऊजी, ती शेवटची ओळ अजून एकदा म्हना जी."
मनिष खाली पाहत होता. मोतीलाल उठून जवळ आला. मी खांदा सावरला, मूठ आवळली. त्याने मारले नाही. मारायला पाहिजे होते. नुसता उभा राहिला, जमिनीकडे पाहत, वाट पाहत.
डफाचे कडे त्याच्या पायाशी मातीवर ठेवले. त्याने ते उचलून झटकले आणि मला परत दिले. म्हणाला, "चामडं लावून घे. आता उत्तर सांगशील का, का अजून विचार करून राहिला?"
कापणीला जायचे होते म्हणून थांबलो नाही.

बीपी नॉर्मल. राग अजिबात नाही. यादीसाठी नोंद. संगीताच्या इतिहासात ५ नोव्हेंबर या तारखेला काहीही घडलेले नाही.