तीन पाइन आणि त्यांच्याखालची माती

मी, जिची सही खाली आहे ती, रोपवाटिका चालवणारी बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. चौथी शिकले आहे. डोकं ठिकाणावर आहे, बिघाड पोटात आहे. गुरुवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, पण डॉक्टरांना माझा दीर माहीत नाही. मला कोणी धमकावलेलं नाही. तेवढी कोणाची छाती नाही. वकिलांनी यातली भाषा सुधारू नये.

एक. राहतं घर, भांडीकुंडी आणि बँकेत असेल ते धाकट्या बहिणीला. ती घर विकेल. विकू दे. कपाटाचं दार जरा उचलून ओढावं लागतं, हे घेणाऱ्याला सांगावं.

दोन. घरामागची रोपवाटिका, म्हणजे वाफे, पाण्याची टाकी आणि तीन मोठे पाइन. ही जमीन आम्ही नवराबायकोने रोपं विकून घेतली आणि ती माझ्या एकटीच्या नावावर आहे. ती मी माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोला देत आहे. होय, पहिल्या. लिहिण्यात चूक झालेली नाही.

दीर बाजारभर सांगत फिरतो, की जमीन शेवटी त्याच्याकडेच येणार, पाइन तोडणार, सपाट करून गोदाम बांधणार. मला तोंडावर म्हणाला, "वहिनी, रक्ताचं दुसरं आहे कोण?" तर रक्ताचं काय ते लिहून ठेवते.

जमीन घेतली तेव्हा आसपास एकही पाइन नव्हता. बी रुजायचं, रोप वीतभर व्हायचं आणि पिवळं पडून तिथेच बसायचं. खत घातलं, पाणी घातलं, शिव्या घातल्या. मग एक दिवस पहिली फाटकाशी येऊन उभी राहिली. ती वरच्या जंगलात कामाला जायची. पाठीवर मातीचं पोतं.

"जुन्या पाइनखालची आहे. वाफ्यात मिसळ. आणि त्याला सांगू नकोस मी दिली."

"विष कालवलंस काय यात?"

"विषच घालायचं असतं तर तुमच्या लग्नातच घातलं असतं."

दोन-तीन महिन्यांत रोपं हिरवीगार. त्यातली तीन विकली नाहीत. तेच हे तीन पाइन.

असं का झालं ते पुष्कळ वर्षांनी कळलं. सरकारातून रोपं तपासायला एक बाई येते, तिला मी भिंगवाली म्हणते. तिने मूळ भिंगाखाली धरलं. टोकं आखूड, बेचकीसारखी फुटलेली, वर पांढरं अस्तर, आणि त्यातून मातीत गेलेले केसाहून बारीक धागे. बुरशी! मूळ पोचत नाही तिथून ती पाणी आणि क्षार आणते, झाड तिला साखर देतं.

मी म्हटलं, "म्हणजे मैत्री?"

"व्यवहार," भिंगवाली म्हणाली. "खत भरपूर आयतं मिळालं, की झाड तिला फारसं विचारत नाही."

मला हे लगेच पटलं. मी माणसं पाहिलेली आहेत.

नवरा गेल्यावर दीर मदत करायला आला. मुळांवर पांढरं दिसलं, म्हणून बुरशीनाशक आणून सगळ्या वाफ्यांत ओतलं. डब्यावर काय लिहिलंय वाचलंत का, विचारलं, तर म्हणे, "वहिनी, एवढं बारीक कोण वाचतं!" वाफे पिवळे पडले. रक्ताचे सगळे खुर्च्या टाकून सल्ले देत बसले. पाइनखालची माती उकरून माझ्याबरोबर वाफ्यांत घालायला आली ती पहिली.

तीन. पहिलीने नव्या प्रत्येक वाफ्यात पाइनखालची टोपलीभर माती घालावी. गिऱ्हाईक म्हणेल मुळं धुऊन द्या, चांगली दिसतात. द्यायची नाहीत. पाइन तोडायचे नाहीत. झाडं गेली की खालची बुरशी उपाशी मरते, मग उरते ती नुसती गोदामाची जागा. पुढे तिने जमीन कोणालाही द्यावी, दीर सोडून.

ती मला चार लोकांत चोरटी म्हणाली होती, ते मी माफ केलेलं नाही. मी तिला जे म्हटलं ते तिनेही माफ करू नये. वाफ्यांशी त्याचा संबंध नाही.

चार. फवारणीचा पंप आठवण म्हणून दिराला द्यायचा होता. पण त्याला मी साक्षीदार केलं आहे, म्हणजे उद्या "वहिनीचं डोकं फिरलं होतं" म्हणायची सोय नको. आणि वकील म्हणतात, साक्षीदाराला काही देऊ नये. तेव्हा पंप भंगारात.

हे मी लिहिलं, पुन्हा वाचलं आणि दोघांच्या देखत सही केली.

स्थळ: रोपवाटिका, टाकीजवळचं टेबल.
तारीख: सोमवार, ऑपरेशनच्या आधीचा.

(सही)

साक्षीदार पहिली: भिंगवाली. सही केली.

साक्षीदार दुसरा: धाकटा दीर. सही केली. "भाऊजी, आधी वाचा," असं मी दोनदा म्हटलं, भिंगवालीने ऐकलं आहे. म्हणाला, "वहिनी, एवढं बारीक कोण वाचतं! कुठे करू?"

मी बोट ठेवून जागा दाखवली.