अप्पांचा चुकलेला ठेका

मंगळवार, संध्याकाळ, तेर

भावानं जीप आणेपर्यंत लिहितेय. अप्पांना, माझ्या वडलांना, मोबाईलवरचा तो फुकटातला गाण्याचा गेम लई आवडतो. ठेक्यावर पट्ट्या पडतात, त्या बोटांनी दाबायच्या. फक्त जाहिरातींवर चिडतात, मधीच ताल मोडतात म्हणून. जन्मभर भजनात पखवाज वाजवलेला माणूस, मला कधीच जिंकू देत नाही. आज सोप्या गाण्यातच चुकले. डावा हात हललाच नाही.

"जाहिरात आली गं मधीच," म्हणाले.

मी शेजारीच होते. जाहिरात आली नव्हती. खोटं बोलले? का त्यांना खरंच तसं वाटलं?

"अप्पा, आत्ताच धाराशिवला दवाखान्यात जाऊ."

दवाखान्याचं नाव काढलं की भांडणारे अप्पा लगेच "व्हय, चल" म्हणाले. त्या 'व्हय'नंच मी जास्त घाबरलेय.