रागवायला डॉक्टर उरला नाही

दवाखाना सोडून मुलाकडे राहायला गेलात, ते मला विचारून गेलात का? इतकी वर्षं माझ्या जिभेपासून गुडघ्यापर्यंत सगळं तपासलंत आणि जाताना दारावर नुसता कागद चिकटवलात! असो. डॉक्टरसाहेब, नमस्कार राहिला, तो घ्या. तब्येत कशी आहे? (तुमची विचारते आहे. माझी पुढे कळेलच.)

तुमच्या खुर्चीत आता एक पोरगेला डॉक्टर बसतो. हुशार असेल, पण डोळे कॉम्प्युटरला चिकटलेले. तुमची शिस्त अंगवळणी पडलेली, म्हणून मी पहिल्याच दिवशी गोळ्यांची रिकामी पाकिटं त्याच्या टेबलावर मांडली. तुम्ही ती उलटीसुलटी करून बघायचात आणि एखादी गोळी आत राहिलेली दिसली की बाहेर बसलेल्यांनाही ऐकू जाईल असं ओरडायचात, "आजी, वर जायची घाई झालीये का?" यानं ती न बघताच कचऱ्याच्या डब्यात टाकली. म्हटलं, कुणी बघणारच नाही तर घ्यायच्या कशाला? त्या दिवसापासून बंद. (कडूच होत्या मेल्या.)

पुढच्या खेपेला प्रेशर वाढलेलं. गोळ्या घेता ना, त्यानं कॉम्प्युटरकडे बघत विचारलं. मी म्हटलं, हो. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघूनच थाप ओळखली असती. या बिचाऱ्यानं विश्वास ठेवला आणि डोस वाढवून दिला. मी घाबरून तो इमानदारीनं घेतला, तर जिन्यात अशी घेरी आली की कठडा धरून खालीच बसले. वरचे भाडेकरू "काय आजी, ऊन खाताय?" म्हणत बाजूनं निघून गेले. जिन्यात कुठलं आलंय ऊन! झालं, पुन्हा बंद.

मुलगा फोनवर विचारतो, "आई, गोळ्या घेतल्यास ना?" हो म्हटलं की फोन ठेवतो. एकदा मुद्दाम नाही म्हणून बघितलं. तर "घे हं" म्हणाला आणि ठेवला.

बाकी मी एकटी मजेत आहे.

ता. क. मजेत आहे ते खोडायचं राहिलं.

आणखी एक ता. क. नव्या डॉक्टरला खरं सांगायला हवं, हे मलाही कळतं. पण एकटीनं जायची लाज वाटते. तुम्ही मला सणसणीत रागावून लिहा. ते पत्र हातात घेऊन जाईन आणि काय ते सांगून टाकीन. उत्तर तुम्हीच लिहायचं. वहिनींना लिहायला बसवू नका. त्या गोडीनं सांगतील, आणि गोडीनं सांगितलेलं मी ऐकत नाही.